घरी सोडल्यानंतरचे पहिले आठवडे

बायपोलर डिसऑर्डर असलेला रुग्ण बरा होऊन मनोरुग्णालयातून घरी जातो आणि काही महिन्यांत पुन्हा त्याच वॉर्डात येतो, तेव्हा केसपेपरवर बहुधा एक ठरलेले कारण लिहिले जाते : ‘रुग्णाने औषधे बंद केली.’ पुष्कळदा ते खरेही असते. पण चौकशी तिथेच थांबते आणि सगळा दोष रुग्णाच्या माथी जातो, याला आमचा आक्षेप आहे.

औषधे बंद का होतात? लिथियमचेच उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा गुण दाखवून दिला आणि आजही या आजारात त्याचा मोठा आधार आहे. गोळी महाग नाही, पण तिचे पथ्य काटेकोर आहे. रक्तातले प्रमाण कमी पडले तर उपयोग होत नाही, वाढले तर विषबाधा होते. म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. किडनी आणि थायरॉइडकडेही लक्ष ठेवावे लागते. निर्जळी उपास, कडक उन्हातली शेतातली कामे, दुखण्यावर मनानेच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, यांपैकी कशानेही हे प्रमाण वाढू शकते. ही तपासणी जवळ होत नसेल तर मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी जावे लागते. त्यात चहाचा कप धरताना हात थरथरतो, सारखी तहान लागते, वजन वाढते. अशात बरे वाटू लागले की ‘आता कशाला गोळ्या?’ हा प्रश्न घरातलेच कुणीतरी विचारते. लिथियम एकदम तोडले तर उन्माद लवकर उलटण्याचा धोका वाढतो, हे घरी सोडताना किती जणांना नीट समजावून सांगितले जाते?

बायकांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. लग्न ठरताना आजार लपवला जातो, मग सासरी गोळ्या लपवाव्या लागतात. दिवस राहिले की डॉक्टरांना न विचारताच त्या बंद होतात. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे तर या आजारात सर्वांत धोक्याचे. त्या काळात बाळ-बाळंतिणीची विचारपूस करायला घर माणसांनी भरलेले असते, पण ती रात्री झोपते का, हे क्वचितच कुणी विचारते.

झोपेचे महत्त्व एरवीही तेवढेच. सलग दोन-तीन रात्री झोप नाही आणि तरी थकवा नाही, बोलण्याचा वेग वाढलेला, मध्यरात्री नातेवाइकांना फोन, हातात आहे-नाही तो पैसा खर्च : ही चिन्हे घरच्यांना डॉक्टरांच्या आधी दिसतात. नवरात्रातली जागरणे, रात्रपाळी, लग्नघरातली धावपळ यांतूनही झटका सुरू होऊ शकतो. दारू किंवा अन्य व्यसन जोडीला असेल तर धोका वाढतोच. घरातली सततची टोचणीही, ‘आळशी झालायस, ढोंग करतोस’ ही भाषाही, आजार उलटायला हातभार लावते. कुटुंबाला आजाराची रीतसर माहिती दिली की उलटण्याचे प्रमाण घटते, हे संशोधनातून दिसले आहे.

पुन्हा कोण दाखल होईल, याचा सर्वांत भरवशाचा अंदाज आधी तो किती वेळा दाखल झाला होता यावरून बांधता येतो. ही माहिती रुग्णालयाच्या दप्तरातच असते. ज्याची ही तिसरी-चौथी खेप आहे, त्याला घरी सोडताना पहिल्या आठवड्यात फोन कोण करणार, हे तेव्हाच ठरवता येते. इंग्लंडमध्ये घरी सोडल्यापासून ७२ तासांत रुग्णाची चौकशी व्हावी, असा दंडक आहे. आत्महत्येचा धोकाही याच सुरुवातीच्या दिवसांत सर्वाधिक असतो, म्हणून ही घाई.

आपल्याकडे तर हा कायद्याचाच विषय आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम ९८ सांगते की, रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी तो स्वतः, त्याची काळजी घेणारे आणि पुढे उपचार करणारे डॉक्टर यांच्याशी बोलून उपचारांची योजना आखली जावी. हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. ‘पंधरा दिवसांनी ओपीडीत दाखवा’ एवढीच ओळ लिहिलेले कार्ड म्हणजे ती योजना नव्हे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत लांबलांबच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. त्यांच्या जिल्हा रुग्णालयात लिथियमची गोळी आणि तिची रक्ततपासणी दोन्ही अखंड मिळतील, हे राज्य सरकारने पाहिले पाहिजे. समाजसेवा अधीक्षकांची पदे भरलेली हवीत, कारण तो पहिला फोन त्यांनीच करायचा आहे.

एक गोष्ट मात्र आकडे मोजणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. झोप उडताच रुग्ण आपणहून आठवडाभर दाखल झाला आणि नोकरी, बचत, संसार सांभाळून घरी परतला, तर त्या दाखल होण्याची गणना अपयशात करू नये.