सुट्टीची मेंबरशिप विकताना

वीस-पंचवीस वर्षांची ‘हॉलिडे मेंबरशिप’ घेतलेली अनेक कुटुंबे आता ती विकायला निघाली आहेत. मुले मोठी झाली, आई-वडिलांना प्रवास झेपेनासा झाला, हव्या त्या सुट्टीत खोली मिळत नाही. वार्षिक देखभाल शुल्काचे बिल मात्र न चुकता येते. राहायला जा अथवा न जा. मग जाहिरात दिली जाते आणि लक्षात येते की, तीन-चार लाख मोजून घेतलेली गोष्ट निम्म्या किमतीलाही कोणी मागत नाही.

असे का होते? कारण आपल्याकडचे बहुतेक टाइमशेअर ही मालमत्ता नसून ठरावीक वर्षे खोली वापरण्याचा हक्क असतो. घर आपल्या नावावर होत नाही आणि हक्काचे एकेक वर्ष संपत जाते. दुसऱ्याच्या नावे करायचे तर कंपनीची परवानगी, हस्तांतर शुल्क आणि आधीची सगळी थकबाकी भरणे आले. नव्या माणसाला उरलेलीच वर्षे मिळणार. कंपनी नवी मेंबरशिप हप्त्यांवर, भेटवस्तूंसह विकत असताना आपली जुनी कोण घेणार?

या अडचणीवरच भामटे जगतात. फोन येतो, “गिऱ्हाईक तयार आहे, फक्त जीएसटी आणि एनओसीचे पैसे आधी भरा.” पैसे गेले की गिऱ्हाईकही जाते आणि फोनही बंद होतो. हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. मेक्सिकोत टाइमशेअर घेतलेल्या अमेरिकनांना तिथल्या गुन्हेगारी टोळ्यांनी याच पद्धतीने लुटले. एफबीआयच्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० जणांनी जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याच्या तक्रारी केल्या.

काही जण म्हणतील, सही करताना नीट वाचायला नको होते का? वाचायलाच हवे. पण दोन-तीन तास बसवून, ‘ही सवलत फक्त आजच’ असे सांगून जिथे सही घेतली जाते, तिथे सगळा दोष ग्राहकाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. युरोपियन संघाने हे ओळखले. २००८ च्या निर्देशानुसार तिथे सही केल्यावर १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते. पुनर्विक्री करून देणाऱ्या दलालालाही प्रत्यक्ष विक्री होण्याआधी पैसे घेता येत नाहीत.

आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित कराराविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे. पण ती फसल्यानंतरची. टाइमशेअरसाठी वरचे दोन नियम आपल्याही कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला हवेत.

तोपर्यंत विकणाऱ्याने एवढे करावे. हस्तांतराचे नियम आणि खर्च कंपनीकडून लेखी घ्यावेत. ‘विकून देतो’ म्हणत आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. आणि खरे गिऱ्हाईक आलेच, तर वार्षिक शुल्क किती, वर्षे किती उरली, खोली मिळायला काय त्रास होतो, हे सगळे त्याला आधी सांगावे. किंमत कमी येईल, येऊ द्यावी. आपल्यापासून जे लपवले गेले तेच आपण पुढच्यापासून लपवले, तर त्या विक्रेत्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?