निरीक्षण म्हणजे निदान नव्हे

‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे,’ हे वाक्य आपल्याकडील असंख्य स्त्रियांनी तपासणीनंतर ऐकलेले असते. त्या एका शब्दाने घरात भीती शिरते आणि भीतीपोटी कित्येकदा गर्भाशयच काढून टाकले जाते. म्हणून या शब्दाचा अर्थ सर्वांनीच नीट समजून घेतला पाहिजे.

गर्भाशयमुखाच्या बाहेरील भागावर चपट्या पेशींचे अनेकपदरी, फिकट गुलाबी अस्तर असते. आतील मार्गाचे अस्तर स्तंभाकार पेशींच्या एकाच थराचे असल्यामुळे लाल दिसते. तारुण्यात, गरोदरपणी किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत असताना हे आतले अस्तर पुष्कळदा बाहेर सरकते. ज्याला जखम म्हणतात, ते बहुधा हेच होय. तो कर्करोग नव्हे. त्रास नसल्यास त्याला उपचारही लागत नाहीत.

मात्र तपासणी टाळणे हाही अविचारच ठरेल. या दोन अस्तरांच्या सीमेवर पॅपिलोमा विषाणू दीर्घकाळ टिकून राहिल्यास पेशी बिघडू लागतात. त्यांचा कर्करोग होण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात, आणि तोवर केवळ बिघडलेल्या भागावर उपचार करून भागते. परंतु हा बिघाड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पेशींची अथवा विषाणूची चाचणी करावी लागते. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. विषाणूच्या एकाच चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे त्यात आढळले.

त्याच्याच शेजारी, बीड जिल्ह्यात, ऊसतोडणी करणाऱ्या हजारो स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ साली उजेडात आले व शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. जयपूरलगतच्या दौसा जिल्ह्यातील अशाच तक्रारींचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी स्वीकारावीत, असा आदेश न्यायालयाने २०२३ साली दिला.

आमच्या मते डॉक्टरांनी ‘जखम’ हा शब्द सोडून द्यावा आणि स्त्रियांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: काय दिसले? कोणती चाचणी केली? तिचा निष्कर्ष काय? संबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त गेल्यास विलंब न लावता तपासून घ्यावे. परंतु या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत, केवळ ‘जखम’ दिसली म्हणून, कोणीही शस्त्रक्रियेस संमती देऊ नये.