डोंबिवलीची गाडी, खिडकीवर परदेशी

वीस वर्षांवरील मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये दहा हजार रुपये झाले, तेव्हापासून ठाणे-कल्याणच्या गॅरेजवाल्यांची पत्रे थांबलेली नाहीत. दहा हजारांवर कुरकुर आहेच. पण एका वाचकाच्या गिऱ्हाइकाला आरटीओच्या खिडकीवर चक्क 80 हजार सांगण्यात आले. हा दर आयात मोटारींचा. गाडी होती प्युजो 309. नाव फ्रेंच, म्हणून गाडी परदेशी!

अहो, ही गाडी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियरच्या कारखान्यात जुळवलेली आहे. मुळात टॅल्बॉट म्हणून आखलेली 309 युरोपात 1985 मध्ये प्युजोच्या नावाने आली. 1993 मध्ये 306 ने तिकडे तिची जागा घेतली आणि पुढच्या वर्षी प्रीमियर व प्युजोच्या भागीदारीतल्या पाल-प्युजोने ती आपल्याकडे काढली. बुकिंगचे पैसे अडकले, कामगारांचा तंटा पेटला, फ्रेंच भागीदार बाहेर पडले. एवढ्या लवकर गाशा गुंडाळलेल्या गाडीचे नाव आजच्या कारकुनाला ठाऊक नसेल, हे समजू शकते. पण आरसी बुकात निर्मात्याचे नाव असते, ते वाचायला काय हरकत आहे?

बरे, विंटेज म्हणून सुटका करून घ्यावी, तर 2021 च्या नियमाने पन्नास वर्षे भरायला हवीत. तीस वर्षांची 309 मधल्या मध्ये लटकलेली. जुनी नोंद संगणकीकृत 'वाहन' प्रणालीत चढलेली नसेल, तर बॅकलॉग एंट्रीसाठी आणखी खेपा.

आता थोडे आपल्याविषयी. नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म 25, कोराच सही करून एजंटाच्या हाती देणारे आपल्यातच कमी नाहीत. मूळ फॉर्म 21 (विक्री प्रमाणपत्र), चासी प्लेटचा स्पष्ट फोटो आणि जुने आरसी बुक जोडल्याशिवाय फाइल पुढे सरकवू नका. 80 हजार सांगितले, तर लेखी मागा.

आणि डिझेल 309 भंगारात घालण्याची घाई कशाला? तिचे 1527 सीसीचे टीयूडी5 इंजिन मारुतीने झेन आणि एस्टीम डिझेलमध्ये वापरले. इंजिनाचे सामान त्या वाटेने शोधता येते. खरी रड मागच्या बीमच्या नीडल बेअरिंगची आणि काचांची आहे. कोणता भाग कशाचा बसतो, हे ठाण्या-डोंबिवलीतल्या जुन्या मिस्त्रींच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. मिस्त्रीबुवा, भाग क्रमांकासह यादी पाठवा. पुढच्या अंकाची दोन पाने त्यासाठी राखली आहेत.