वर पोचलात का?

परवा एका लग्नात पुन्हा तोच प्रश्न. "बाई, तुम्ही त्या किलिमांजारोला गेला होतात ना? मग, वर पोचलात का?" मी "नाही" म्हटलं. विचारणाऱ्या बाईंचा चेहरा जरासा पडला. "असू द्या हो, या वयात गेलात हेच खूप," म्हणून त्या मठ्ठ्याकडे वळल्या. २०१८ सालापासून मी हे सांत्वन ऐकते आहे. आज लिहूनच टाकते, कारण मला ते नकोच आहे.

आधी थोडा भूगोल (सवय जात नाही!). किलिमांजारो टांझानियात, विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम तीन अंशांवर. उंची ५८९५ मीटर, आफ्रिकेत सर्वांत जास्त. वर्गात "विषुववृत्ताजवळ बर्फ" म्हटलं की पोरं हसायची. १८४८ साली रेबमान नावाच्या मिशनऱ्याने हा बर्फ पाहिल्याचं कळवलं, तेव्हा लंडनमधल्या काही विद्वानांनाही ते पटलं नव्हतं. तर एक दिवस भाचा म्हणाला, "मावशी, जन्मभर नुसतं शिकवलंस, आता चल बघायला." निघाले.

कळसूबाई मी तीनदा चढलेली, त्यामुळे थोडी घमेंड होतीच. पण कळसूबाई १६४६ मीटर, आणि किलिमांजारोच्या मारंगू वाटेचं प्रवेशद्वारच त्याहून उंचावर! आपलं शिखर संपतं तिथे त्यांची सुरुवात होते.

या डोंगरावर वाटाड्याशिवाय चढायची परवानगी नाही. मारंगू वाटेला पाच दिवसांत जाऊन येता येतं किंवा सहा दिवसांत. सहावा दिवस म्हणजे वाटेतल्या होरोंबोच्या मुक्कामी, ३७२० मीटरवर, एक दिवस जास्त थांबायचं. आसपास थोडं वर चढून यायचं, झोपायला पुन्हा खाली. शरीराला विरळ हवेची सवय होते. "मावशी, एक दिवस नुसतं थांबायला एवढे डॉलर?" भाचा म्हणाला. मीही मान डोलावली. मास्तरणीचा हिशेबी स्वभाव! आम्ही पाच दिवसांचं ठरवलं. चूक झाली ती तिथेच, घरच्या जेवणाच्या टेबलावर. डोंगरावर नंतर फक्त तिचा निकाल लागला.

पहिले दोन दिवस सुखाचे. पहिल्या दिवशी ओलं, शेवाळलेलं रान, काळ्यापांढऱ्या झुपकेदार शेपटीची माकडं. दुसऱ्या दिवशी झुडपं, आणि मग ते विचित्र सेनेसिओ, म्हणजे जाड खोडाच्या टोकाला कोबीचा गड्डा ठेवावा तशी माणसापेक्षा उंच झाडं. मुख्य वाटाड्या सारखा म्हणायचा, "पोले पोले, मामा." स्वाहिलीत पोले पोले म्हणजे सावकाश, आणि वयस्क बाईला आदराने मामा म्हणतात. भाच्याने माझ्या या बढतीची फार चेष्टा केली.

तिसऱ्या दिवशी माव्हेन्झी आणि किबो या दोन शिखरांमधलं ओसाड पठार ओलांडून किबो हटला पोचलो. उंची ४७०० मीटरच्या आसपास. डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली. मध्यरात्री शिखराकडे निघायचं होतं. वाटाड्याने बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला, मग जमिनीवर एक रेघ ओढली आणि टाचेला बोटं जुळवत चालायला सांगितलं. मी चौथ्या पावलाला तोल गेला. त्याने मान हलवली. "हापाना, मामा." नाही.

भाचा विनवू लागला, "एकच रात्र राहिलीये हो!" आणि खरं सांगते, मीही भांडले. पैसे भरलेत, मी शाळा चालवलेली बाई आहे, माझं मला कळतं, वगैरे. तो शांतपणे ऐकत राहिला आणि पुन्हा म्हणाला, हापाना. उंचीवर मेंदूला सूज यायला लागली की पहिला जातो तो तोल आणि शहाणपण, हे मी नंतर वाचलं. म्हणजे माझं मला कळतं असं मी सांगत होते, तेव्हाच ते कळेनासं होत होतं.

या "नाही"ची किंमत मला फार उशिरा कळली. या लोकांच्या कमाईचा मोठा भाग बक्षिशीवर असतो. गिऱ्हाईक शिखरावर पोचलं, फोटो निघाला, की हात सैल सुटतो. परत पाठवलेलं गिऱ्हाईक रागावतं, मी रागावलेच होते. म्हणजे तो माणूस स्वतःच्या खिशाला चाट लावून मला वाचवत होता. शिवाय मदतनीस वाटाड्या आणि एक हमाल, दोघे सकाळीच होरोंबोहून चढून आलेले, माझ्यासाठी अंधारात पुन्हा हजार मीटर खाली उतरले. माझी पिशवी हमालाच्या डोक्यावर. होरोंबोला पोचेतो माझं डोकं बरंच हलकं झालं होतं. उंचीच्या आजाराला मुख्य औषध एकच, खाली उतरणं.

भाचा सकाळी शिखरावर पोचला. मला आनंद आहे. त्याचा तो फोटो घरी भिंतीवर आहे. फोटोत तो एकटाच आहे.

हे जुनंच आहे म्हणा. पुस्तकांत लिहिलेलं असतं, १८८९ साली हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर यांनी हे शिखर पहिल्यांदा "सर केलं". मेयरने त्याला जर्मन कैसरचं नाव दिलं. १९६१ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याचं नाव उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य, झालं. पण त्या दोघांना खालून शिधा पोचवणारे, थंडीत वरचा तळ राखणारे हमाल किती जणांना माहीत आहेत? भूगोल शिकवताना मीही ते कधी सांगितलं नाही, याची आता लाज वाटते.

तेव्हा जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. सगळ्यात स्वस्त कंपनी शोधू नका, एक दिवस जास्तीचा घ्या. हमालांना मजुरी किती, जेवण काय, झोपायला कुठे, हे पैसे भरण्याआधी विचारा. आणि निघायच्या आधीच वाटाड्याला सांगा, "तू परत फिर म्हणालास तर मी फिरेन, आणि तुझी बक्षीस कमी होणार नाही." त्याला नाही म्हणणं सोपं करून ठेवा. मी ते केलं नव्हतं. त्या रागात मी बक्षीसही हात आखडून दिली. हे भाच्यालाही आज इथे वाचूनच कळेल.

वर पोचलात का, हा प्रश्न यापुढेही येईलच. आता मी सांगणार आहे, "नाही. पण खाली नीट पोचले, आणि कोणामुळे पोचले ते ऐकायला वेळ असेल तर बसा."