घरकुलाचा कारभार कुणाच्या हाती?



पिंपळनेरची ग्रामपंचायत गेली, नगरपरिषद आली. पाटी बदलली, घरपट्टीच्या पावतीवरचं नाव बदललं, आणि त्या गडबडीत एक गोष्ट आपल्या हातून गेली. ती म्हणजे ग्रामसभा. घरकुलाची यादी तिथे मोठ्याने वाचली जायची. अमक्याचं दोन मजली घर असताना त्याचं नाव कसं, आणि शेजारच्या विधवा बाईचं का नाही, हे चारचौघांत उभं राहून विचारता यायचं. आवाज चढायचे, सभा उधळायचीसुद्धा. पण सवाल विचारला जायचा. नगरपरिषदेत तशी सभा नाही. अर्ज, छाननी, मंजुरी, पाहणी, सगळं आता कार्यालयाच्या आत. म्हणून सांगणं आहे, घरकुलांचा कारभार नगरपरिषदेच्या स्वतःच्या हातातच राहू द्या, आणि त्या हाताकडे आपलं लक्ष असू द्या.

नव्या नगरपरिषदेला एक सल्ला हमखास मिळतो. माणसं कमी, इंजिनिअर अपुरे, तेव्हा सर्वेक्षणापासून वसाहतीच्या देखभालीपर्यंत सगळं एखाद्या एजन्सीला देऊन टाका. ऐकायला बरं वाटतं. पण उद्या गटार तुंबलं म्हणून गेलात की कार्यालय सांगेल, एजन्सीला विचारा. एजन्सी सांगेल, आमचं बिल थकलंय. मधल्या मध्ये तुम्ही. नगरसेवकाला निदान पाच वर्षांनी दारात यावं लागतं. एजन्सीचा माणूस कुठे राहतो हेही आपल्याला ठाऊक नसतं.

उदाहरण शोधायला खान्देशाबाहेर जायला नको. जळगाव नगरपालिकेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झोपडपट्टीतल्या लोकांसाठी अकरा हजारांवर घरकुलांची योजना आखली. कर्ज काढलं, काम ठेकेदाराला दिलं, कोट्यवधींच्या रकमा आगाऊ दिल्या. घरं उभी राहिली ती जेमतेम दीड हजाराच्या आसपास. फेब्रुवारी २००६ मध्ये तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. त्यात माजी मंत्री होते, नगरसेवक होते. अपिलाचा भाग वेगळा. पण फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षं गेली, आणि ज्यांच्या नावाने योजना निघाली त्यांतले बहुतेक घरकुलाविनाच राहिले.

यावर कुणी म्हणेल, तिथे कारभार नगरपालिकेच्याच हातात होता की! खरं आहे. ठराव तिचे, सह्या तिच्याच. म्हणूनच नुसतं ‘नगरपरिषदेकडे द्या’ म्हणून आपलं काम संपत नाही. कारभार बाहेर गेला तर जाब कुणाला विचारायचा हेच कळत नाही. आत राहिला तर निदान विचारायला दार असतं. ते दार वाजवायचं काम मात्र आपलं.

कारभार बाहेर गेला की काय होतं, ते लंडनमध्ये दिसलं. तिथे केन्सिंग्टन आणि चेल्सी या भागाच्या कौन्सिलने आपल्या मालकीच्या हजारो घरांचा कारभार एका वेगळ्या संस्थेकडे सोपवला होता. त्यांतल्या ग्रेनफेल टॉवर या इमारतीतले रहिवासी आगीच्या धोक्याबद्दल ओरडून सांगत राहिले. १४ जून २०१७ च्या रात्री इमारत पेटली, ७२ माणसं गेली. मार्च २०१८ मध्ये कौन्सिलने घरांचा कारभार परत आपल्याकडे घेतला.

कारभार आपल्या हाती ठेवायला शिकण्यासाठी आपल्याला तर लंडनही नको. पांझरा नदीवरची फड बागायत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतांना वाटायची पद्धत, कुणी चालवली? बंधारा, पाट, कुणाच्या फडाला कधी पाणी, हे गावकऱ्यांनीच ठरवलं. पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला, त्याचं धान्य गावानेच द्यायचं. पाटातला गाळ काढायला बागायतदार स्वतः उतरायचे. पाणी चोरलं तर पंचांपुढे उभं राहावं लागे. त्या व्यवस्थेत सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. ज्याला जमीन नाही त्याला त्यात आवाज नव्हता. पण पाटकरी कुणाचं ऐकतो, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसायची.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. प्रधानमंत्री शहरी आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख रुपये मिळतात. ते टप्प्याटप्प्याने थेट तुमच्या बँक खात्यात येतात. जोत्यापासून पुढे कामाचे फोटो काढून टप्पा नोंदवला जातो. इथेच एखादा ‘ओळखीचा’ दादा भेटतो आणि म्हणतो, पासबुक माझ्याकडे राहू द्या, विड्रॉल स्लिपवर चार सह्या करून ठेवा, घर मी उभं करून देतो. सही करू नका. गवंडी तुमचा, मजुरी तुमच्या हाताने. सिमेंटच्या गोण्या मोजून घ्या, स्लॅबवर पाणी मारलं जातंय का ते घरच्या बाईमाणसाने पाहावं. ठेकेदारापेक्षा तिचं लक्ष बारीक असतं.

वॉर्डातल्या पाच-सात जणांनी मिळून मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. त्यात तीन मागण्या लिहा. मंजूर आणि नामंजूर, दोन्ही याद्या कारणांसकट फलकावर लावा. घरकुलासाठी कार्यालयात एक टेबल आणि एक नेमलेला कर्मचारी द्या. कुठलंही काम बाहेर द्यायचा ठराव येणार असेल तर तो आधी कळवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात ठरावाची आणि मोजमाप पुस्तिकेची नक्कल मागा. माहिती द्यायची मुदत तीस दिवसांची. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही लागत नाही, फक्त दाखल्याची झेरॉक्स जोडायची.