घरकुलाचा ओटा, घरकुलाची फरशी



आमच्या कारंज्यात (वर्धा जिल्ह्यातले कारंजा घाडगे, वाशीमकडचे कारंजा लाड नव्हे) वस्तीत घरकुल उभे राहिले की एक गोष्ट ठरलेली असते. भिंती होतात, स्लॅब पडतो आणि पैसा संपतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी २००८ साली रमाई आवास योजना आली. तिच्यामुळे कितीतरी घरांवरची कवेलू आणि टिना उतरल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण २६९ चौरस फूट उभे करतानाच अनुदानाचे हप्ते सरतात. सैपाकखोलीची फरशी आणि ओटा उरतो तो आपल्या मजुरीच्या पैशावर. म्हणून तिथे एक रुपयाही चुकता कामा नये. आमचा चुकला, म्हणून सांगतो.

आम्ही घर बांधले तेव्हा दुकानात जाऊन पहिल्यांदा टाइल पसंत केली. चकचकीत, पांढरी, आरशासारखी. खाली काय आहे ते पाहिलेच नाही. पहिल्याच पावसाळ्यात सैपाकखोलीचा एक कोपरा दोन बोटे खाली गेला आणि सात टाइली तडकल्या. दोष टाइलीचा नव्हता. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. जोत्यात तीच माती ढकलून वर फरशी टाकली तर ती टिकणार कशी? काळी माती काढून मुरूम भरायचा, तोही एकदम नाही. अर्धा-पाऊण फुटाचा थर द्यायचा, पाणी मारायचे, धुम्मसाने ठोकायचे, मग दुसरा थर. वर दगडाची सोलिंग आणि तीन-चार इंच कच्चे काँक्रीट. हे काम कोणाला दिसत नाही, म्हणून मिस्त्री ते उरकून टाकतो. त्या दिवशी घरातल्या एकाने मजुरी पाडून तिथे उभे राहावे. आम्ही राहिलो नाही आणि तेवढ्या कोपऱ्याचे पैसे दोनदा दिले.

पैसा फारच कमी असेल तर टाइलीचा हट्ट सोडा. काँक्रीटवर सिमेंटचा कोबा नीट घोटून घ्या आणि किमान सात दिवस त्यावर पाणी राहू द्या. लाल रंग टाकला तर दिसतोही छान. चार वर्षांनी हाती पैसा आला तर त्याच कोब्याला टोचे मारून वर टाइल बसते. फक्त दाराखाली आताच दीड-दोन इंच जागा सोडायला सांगा, नाहीतर तेव्हा दार कापावे लागते. शहाबादी फरशीही चांगली. मात्र ती आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यावर अॅसिड टाकून घासायचे नाही, दगडच खाल्ला जातो. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू किंवा चिंचेचे पाणी सांडले तर लगेच पुसा. ते पांढरे डाग मग निघत नाहीत. टाइलच घ्यायची असेल तर खरबरीत घ्या. ओल्या चकचकीत फरशीवर म्हातारे माणूस घसरले तर दवाखान्याच्या खर्चात आणखी एक खोली होईल.

आता ओटा. आमचा ओटा मिस्त्रीने ३६ इंचांचा केला, कारण तो स्वतः उंच होता. आमची आई पाच फुटांचीही नाही. दोन वर्षे तिने लाकडी पाटावर उभी राहून भाकरी थापल्या, आणि खांदे दुखतात म्हणाली तर आम्ही तिला वयाचे कारण सांगितले! ओट्याची उंची अशी काढा: जी बाई रोज सैपाक करणार तिने सरळ उभे राहून हात कोपरात वाकवावा. जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावे आणि त्यातून चार-पाच इंच वजा करावे. कोपर ३६ इंचांवर असेल तर ओटा ३१-३२ इंचांचा. मोजायचे ते फरशी बसल्यावरच्या पातळीपासून. टेप तिच्याच हातात द्या, घरच्या पुरुषांनी बाजूला उभे राहावे.

इथेच कोणीतरी येऊन सांगते की शेगडी आग्नेयेला हवी. आमच्या ओळखीच्या एका घरात वास्तुशास्त्र सांगणाऱ्याच्या शब्दावर झालेला ओटा फोडून दुसऱ्या भिंतीला नेला. त्या भिंतीला खिडकीच नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्यांची आपण लेकरे. दिशा विचारायची ती वाऱ्याची. खिडकीजवळ ओटा, वर झरोका, आणि मोरीकडे फरशीला ढाळ.

गॅस असला तरी सिलिंडर महाग म्हणून अनेक घरी चूल पेटतेच. ज्या रमाईंचे नाव या घरकुलांना आहे त्यांनी मुंबईत गोवऱ्या थापून संसार चालवला. त्यांच्या नावाच्या घरात तरी बाईच्या डोळ्यांत धूर जाऊ नये. चूल मागच्या सपरीत काढा. सिलिंडर खाली, उभा. शेगडी त्याच्याहून उंचावर. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून वरच्या झरोक्यासोबत दाराच्या खालच्या भागातही हवा जायला जागा हवी. नळी पाच वर्षांनी बदला.

राहिला पैसा. फरशीसाठी २०,००० रुपये शेकडा दोन रुपये महिन्याने उचलले तर वर्षाला ४,८०० नुसते व्याज जाते आणि मुद्दल तसेच. आधी आपल्या बचत गटात विचारा, तिथले व्याज निदान गटातच राहते. सगळ्या घराला एकदम फरशी लावू नका. आधी सैपाकखोली आणि मोरी, बाहेरची खोली पुढच्या साली. आठ बाय नऊची सैपाकखोली म्हणजे ७२ चौरस फूट. दोन बाय दोनच्या टाइली लागतात १८, कापाकापीत दोन जातात. म्हणजे चार नगांच्या पाच पेट्या. सहावी पेटी जादा घ्या आणि पलंगाखाली ठेवा. आमच्या त्या सात टाइली बदलायला गेलो तेव्हा तोच रंग नागपूरपर्यंत शोधूनही मिळाला नाही. त्या कोपऱ्यात अजून दुसऱ्याच रंगाच्या सात टाइली आहेत.