बारगीर आणि बर्गी : इतिहासाच्या अध्यापनातील भाषेचा प्रश्न

विद्यापीठांतील इतिहासाच्या अभ्यासक्रमांची मांडणी सामान्यतः दोन प्रकारे केली जाते. पहिली प्रदेशवार : महाराष्ट्राचा इतिहास, बंगालचा इतिहास, दक्षिण भारताचा इतिहास. दुसरी विषयवार : शेतीव्यवस्था, नगरे, जातिसंस्था, स्त्रीजीवन, युद्ध आणि समाज. पहिल्या मांडणीत विद्यार्थी आपल्या प्रदेशाची वेस ओलांडत नाही, हा आक्षेप जुना आहे. त्यावरचा उपाय म्हणून दुसऱ्या मांडणीचा पुरस्कार केला जातो. परंतु विषयाच्या अनुरोधाने अनेक प्रांतांतून फिरणारा विद्यार्थी बहुधा इंग्रजी ग्रंथांच्या आधारेच फिरतो. एका मांडणीत प्रदेश एकच उरतो, तर दुसरीत प्रदेशांच्या भाषाच लोपतात. म्हणून प्रदेश की विषय हा वाद वस्तुतः गौण आहे. मुख्य प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला किती भारतीय भाषांतील साधने वाचता येतात, हा आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. इ. स. १७४२ मध्ये रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये शिरले. १७४३ मध्ये स्वतः रघूजी तेथे गेले, आणि त्यांना रोखण्यासाठी नानासाहेब पेशवे नबाब अलिवर्दीखानाच्या साहाय्यास धावले. १७४४ मध्ये नबाबाने भास्कररामांना वाटाघाटीच्या निमित्ताने बोलावून त्यांचा व त्यांच्या सरदारांचा घात केला. स्वाऱ्या मात्र थांबल्या नाहीत. अखेर १७५१ च्या तहाने बंगालच्या चौथाईपोटी सालीना बारा लाख रुपये ठरले आणि ओडिशावर भोसल्यांचा अंमल बसला. तो १८०३ पर्यंत टिकला.

मराठी इतिहासलेखनात हे प्रकरण 'स्वारी', 'मुलूखगिरी', 'चौथाई' या शब्दांत येते. बंगालीत त्याचे नाव 'बर्गीर हांगामा' असे आहे. 'बर्गी' म्हणजे मराठीतला 'बारगीर'. शिलेदाराचे घोडे त्याचे स्वतःचे असे. बारगिराला घोडा सरकारातून किंवा सरदाराकडून मिळे. मराठी कागदांत हा शब्द लष्करातील एक दर्जा सांगतो, यापलीकडे काही नाही. तोच शब्द राढ प्रदेशात पोहोचला आणि तेथे भयाचे नाव होऊन बसला. लेकरांना निजवण्याच्या बंगाली गाण्यातही तो शिरला, आणि अडीचशेहून अधिक वर्षांनंतर आजही बंगाली घरांत तो ऐकू येतो. ज्याला यांपैकी एकच अर्थ ठाऊक आहे, त्याला हा इतिहास अर्धाच ठाऊक आहे.

बंगालमधील भय ही इंग्रज लेखकांनी पिकवलेली कंडी होय, असे मत मराठीत अधूनमधून मांडले जाते. साधनांपुढे ते टिकत नाही. वर्धमानच्या दरबारातील पंडित वाणेश्वर विद्यालंकार यांचे संस्कृत 'चित्रचंपू' १७४४ चे आहे. गंगारामाचे बंगाली 'महाराष्ट्रपुराण' १७५१ च्या सुमाराचे आहे, आणि भारतचंद्राचे 'अन्नदामंगल' १७५२ चे. ही तिन्ही काव्ये प्लासीच्या लढाईपूर्वी, म्हणजे कंपनीची सत्ता बंगालमध्ये रुजण्याआधी रचली गेली आहेत. संस्कृत पंडित, गावोगावच्या हालअपेष्टा सांगणारा कवी आणि राजाश्रित कवी या तिघांच्याही काव्यांत बर्गी येतात, याची दखल घेणे भाग आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. गंगारामाच्या काव्यात पृथ्वी पापभाराने त्रस्त झाल्यामुळे शिवाच्या आज्ञेने शाहूराजाला प्रेरणा होते आणि मराठे बंगालवर येतात. पुढे ब्राह्मणांचा व स्त्रियांचा छळ झाल्यावर देवीच त्यांच्यावर कोपते. हे पीडित समाजाने आपल्या दुःखाला दिलेले अर्थपूर्ण रूप आहे. पण स्वाऱ्यांचे कारण त्यातून उमगत नाही. त्यासाठी मराठी कागदांकडेच वळावे लागते. शाहूंच्या दरबारातील हक्कांची वाटणी, भोसले आणि पेशवे यांची स्पर्धा, फौजेच्या खर्चाची ओढ, चौथाईच्या दाव्यांचा हिशेब यांची माहिती पेशवे दप्तरातून आणि नागपूरकरांच्या पत्रव्यवहारातून मिळते. मराठी साधनांत स्वारीचा हेतू आहे, बंगाली साधनांत तिचा परिणाम. 'सियर-उल्-मुताखरीन'सारख्या फारसी ग्रंथांत नबाबाच्या दरबाराची बाजू येते.

आज मात्र नागपूर, कटक आणि वर्धमान ही तीन गावे तीन राज्यांत आहेत. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेने आणि १९६० च्या महाराष्ट्रस्थापनेने आखलेल्या सीमा अभ्यासक्रमांत अठराव्या शतकापर्यंत मागे नेल्या जातात. त्यामुळे एकच घटना एका ठिकाणी राज्यविस्ताराचा अध्याय ठरते, दुसऱ्या ठिकाणी आपत्तीचा. ओडिशात तर अर्धशतकभराच्या मराठी अंमलाच्या आठवणीत पुरीच्या मंदिराला मिळालेला आश्रय आणि वसुलीचा जाच एकत्र नांदतात.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला आणखी एक गुंतागुंत दिसते. ज्या बंगालीने बर्गीचे भय अंगाईत जपले, त्याच बंगालीत रमेशचंद्र दत्तांनी १८७८ मध्ये 'महाराष्ट्र जीवनप्रभात' ही शिवकालावरील कादंबरी लिहिली आणि १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी शिवाजीवर कविता रचली. त्याच वर्षी 'देशेर कथा' हा गाजलेला बंगाली ग्रंथ लिहिणारे सखाराम गणेश देउस्कर मराठी कुळातले होते. विस्मरणातून असे सख्य जन्मत नाही. दोन्ही स्मृती एका भाषेत शेजारी राहू शकतात, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला ती भाषा येते त्यालाच हे शेजार दिसते.

या वाटेवर पूर्वसूरी आहेत. जदुनाथ सरकारांनी फारसीच्या जोडीला मराठी आत्मसात केली, गो. स. सरदेसायांशी त्यांचा स्नेह आणि पत्रव्यवहार दीर्घकाळ चालला. प्रतुलचंद्र गुप्त या बंगाली इतिहासकारांनी दुसऱ्या बाजीरावावर ग्रंथ लिहिला आणि एडवर्ड डिमॉक यांच्यासह 'महाराष्ट्रपुराणा'चा इंग्रजी अनुवाद १९६५ मध्ये सिद्ध केला. मात्र व्यक्तींच्या उत्साहाने जे घडले, ते विद्यापीठांनी शिक्षणाची रीत म्हणून स्वीकारले नाही.

म्हणून इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला आपल्या प्रदेशाबाहेरील एका भारतीय भाषेतील साधने वाचता आली पाहिजेत, अशी अट असावी. भारतीय भाषांचे विभाग याच विद्यापीठांत आहेत. इतिहास विभागाने त्यांच्या दारी जावे. दोन प्रदेशांना जोडणारी एक घटना घेऊन ती दोन भाषांतील साधनांतून शिकवणारी एक अभ्यासपत्रिका ठेवणे अशक्य नाही. विद्यार्थ्यांवरील बोजा वाढेल, हा आक्षेप खरा आहे. पण येथे बारा भाषा मागितलेल्या नाहीत, एकच मागितली आहे. अनुवादांनी भागेल, असेही म्हटले जाईल. अनुवाद हवेतच, परंतु 'बर्गी'चा अनुवाद केवळ 'मराठा स्वार' असा झाला, की बारगिराचा हुद्दा आणि अंगाईतले भय दोन्ही एकाच वेळी हरवतात.

अशा अध्ययनाचा हेतू कोणी कोणाची क्षमा मागावी वा पूर्वजांचे वकीलपत्र घ्यावे, हा नव्हे. नागपूरच्या विद्यार्थ्याने गंगाराम वाचावा आणि वर्धमानच्या विद्यार्थ्याने पेशवे दप्तर चाळावे, इतकीच अपेक्षा आहे. ती पुरी होत नाही, तोवर अभ्यासक्रम प्रदेशवार असो की विषयवार, प्रत्येक जण आपलाच इतिहास पुन्हा एकदा ऐकत राहील.